मामालाही दाखवायचा निकाल

निकाल मोबाइलवर यायच्या आधीचे ते दिवस. वर्ध्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पंखे दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. तिथं आम्ही वेबसाइट बनवायचो. आम्ही म्हणजे मी आणि साहेब. साहेब पूर्वी लग्नपत्रिका छापायचे, आणि वेबसाइटचं काम बुडालं तर पुन्हा पत्रिकांकडे वळायची त्यांची केव्हाही तयारी असायची. माझी नव्हती. पत्रिकांना माझी गरज नव्हती. मला पुण्याचा रस्ता धरावा लागला असता. वर्गातले निम्मे तिकडेच गेले होते, आणि दिवाळीत आले की वर्धा किती लहान आहे ते मला समजावून सांगायचे. मला ते लहानच आवडायचं. ऑफिसला कुलूप लावलं की घरी चहाला उकळी फुटेपर्यंत मी दारात हजर. हे सुख सोडून लोक जातात कशाला, हे मला खरंच कळत नसे.

आमच्याकडे मोठं काम एकच होतं. जिल्ह्यात गावोगावी कॉम्प्युटरचे वर्ग चालवणाऱ्या एका संस्थेची निकालाची वेबसाइट. पहिल्याच निकालाला ती आडवी झाली. सकाळी निकाल खुला केला आणि थोड्याच वेळात पान उघडेनासं झालं. सर्व्हर बंद करून परत सुरू केला, तो उठला आणि पुन्हा बसला. संध्याकाळी गर्दी ओसरली तेव्हा कुठे सावरला. संस्थेच्या अध्यक्षांनी साहेबांना बोलावून सांगितलं, पुढच्या निकालाला असं झालं तर काम नागपूरच्या कंपनीला देऊ. साहेब परत आले ते पत्रिकांचे जुने नमुने काढून बसले. मला इतका संताप आला की दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग सर्व्हरकडे काय काय मागणी आली होती ते पाहिलं. परीक्षेला बसलेली मुलं बेताचीच, पण मागण्या त्यांच्या कितीतरी पट. तोच परीक्षा नंबर, त्याच इंटरनेट कॅफेतून, पुन्हा पुन्हा. साहेबांचं निदान तयार होतं, की हे नागपूरवाल्यांनी मुद्दाम केलं. मलाही ते पटलं, कारण राग काढायला कोणीतरी लागतंच. मी लगेच बंदी घातली. एक नंबर एकदा पाहिला की पुन्हा उघडायचा नाही. आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन दुसऱ्या दिवशी एसटीनं देवळीला गेले, तिथल्या कॅफेतून ते नीट चालतं का पाहायला.

कॅफेवाले काका गप्पिष्ट होते. निकालाच्या दिवशी काय करता विचारलं, तर अभिमानानं सांगू लागले, एकच नंबर सगळ्या मशीनवर टाकतो, ज्या मशीनवर आधी उघडेल तिच्यावर पाहायचं. पान येईपर्यंत रिफ्रेश दाबत राहायचं, हेही त्यांनीच गिऱ्हाइकांना शिकवलं होतं. मी कपाळाला हात लावला. नागपूरवाले बिचारे उगाच बदनाम झाले होते.

तेवढ्यात एक बाई आपल्या भावाला घेऊन आली. तिची मुलगी पास झाली होती आणि बाईनं तो निकाल आधी पाहिलाही होता. पण आज भाऊ तळेगावहून आला होता, आणि मामानं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आमच्याकडे भाची पुरती पास होत नाही. काकांनी नंबर टाकला. माझी बंदी चोख चालली. निकाल उपलब्ध नाही, असं पडद्यावर आलं. काकांनी ते वाचून दाखवलं.

बाईचा चेहरा उतरला. "काऊन? माया पोरीचं पास वापस घेतलं का?"

"नाई मावशी, पासच आहे. साइट गडबड करून राह्यली," मी म्हटलं आणि काकांच्या फोनवरून साहेबांना सांगून ती बंदी तिथल्या तिथे उठवायला लावली. पान उघडलं. मामांनी गुण वाचले, मग सावकाश पुन्हा वाचले, मग शेजाऱ्याच्या मुलाचेही पाहून घेतले.

परतताना बसमध्ये मला एवढं कळलं होतं, की ही माणसं पुन्हा पुन्हा बघणार. आनंद एकट्यानं पाहून भागत नाही. चूक आमच्याकडेच होती. कोणी निकाल मागितला की सर्व्हर दरवेळी गुण गोळा करायचा, बेरीज मांडायचा, टक्के काढायचा. पंगत बसल्यावर कणीक मळायला घ्यावी तसं. निकाल काही बदलणार नव्हता. म्हणून सगळ्या गुणपत्रिका आधीच तयार करून ठेवल्या; मागितली की नुसती वाढायची. साहेबांनी एका रविवारी जिल्हाभरातल्या कॅफेवाल्यांना फोन करून एकदमच रिफ्रेश दाबायला लावलं. त्यांना तो खेळच वाटला. त्या दिवशीही साइट अडखळली, कारण गुणपत्रिकांवरचे मुलांचे फोटो भलतेच जड होते. ते लहान केले आणि गाडी सुरळीत चालू लागली.

पुढच्या निकालाला मी पडद्यासमोरून हलले नाही. मागण्या वाढत गेल्या. तेच ते नंबर, पुन्हा पुन्हा, पार दुपारपर्यंत, आणि प्रत्येकाला पान मिळत होतं. कोणाकोणाचे मामा आले असतील असा विचार करत मी एकटीच हसत होते. साहेबांनी तर्री-पोहे मागवले. संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला, की पुढच्या वर्षीही काम तुमच्याचकडे.

घरी बाबा ओट्यावर चहा घेत बसले होते. पुण्याचा विषय निघाला की ते नेहमी 'तुझं तू पाह्य' एवढंच म्हणायचे. मी सांगितलं, काम टिकलं, आता कुठं जायचं नाही.

"मले वाटलं, आता जातेच तू," ते म्हणाले. "मोठ्या बॅगेले नवी चेन बसवून आणली सकाळी. रिकाम्या हातानं कशी धाडू तुले?"

मला हसू आलं आणि रडूही. ती माळ्यावर टाकून द्या, मी म्हटलं. बाबा अर्धा चहा तसाच ठेवून उठले आणि स्टूल शोधायला लागले.