वडिलांची हलती मान

कोल्हापुरात माणूस गेला की राख सावडायच्या आत चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, आणि त्यावरचा चेहरा बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून उपटलेला असतो. हे उपटायचं काम मी माझ्या फोटोच्या दुकानात करतो. शेजारच्या पाहुण्याचा कान खोडायचा, खांद्यावरचा परका हात पुसायचा, वर तयार कोट चढवायचा. निम्मा जन्म यात घालवल्यावर मी ठरवलं होतं, आबांचं असं होऊ द्यायचं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. शिरोलीच्या फौंड्रीत राबले आणि म्हातारपणी त्यांची मान हलायला लागली. सतत, नको नको म्हटल्यासारखी. चारचौघांत दात आवळून ते ती धरून ठेवायचे आणि घरी आले की दमून आडवे व्हायचे. फोटोला तर कधी उभेच राहत नसत.

मी नवी लेन्स घेतली, हात हलला तरी फोटो सांभाळून घेणारी. नव्याचे नऊ दिवस. अंधाऱ्या फडताळाचे, पितळी डब्यांचे फोटो हातात कॅमेरा धरून काढत सुटलो. अंधारात शटर किती का वेळ उघडं राहीना, डब्यावरचं नावसुद्धा वाचता येत होतं. मला माज आला. एका दुपारी आबांना मधल्या खोलीत खुर्चीवर बसवलं. उजेड बेताचा होता, पण फ्लॅश त्यांच्या डोळ्यांना सोसत नव्हता.

"मान हलतीया की रं," ते म्हणाले. "दम, आवळून धरतो."

"सोडा सैल, आबा. हलण्याची सोय हाय ह्यात."

ती सोय माझ्या हातासाठी होती, त्यांच्या मानेसाठी नव्हती. समोरचा माणूसच हलला तर लेन्स काय करणार, कपाळ? तिथं शटर झटकन पडावं लागतं, मग फोटो खरखरीत आला तरी चालेल. हळदीत नाचणाऱ्यांचे फोटो काढताना हे मी दहा जणांना समजावलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मान सैल सोडली आणि हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मी सात-आठ फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मागच्या भिंतीतली खुंटी मोठी करून बघितली, लखलखीत होती.

"आलं का?"

"झकास."

दुकानात संगणकावर उघडले. खुंटी जागच्या जागी, खुर्ची जागच्या जागी, आणि कॉलरच्या वर नुसता फराटा. एकाही फोटोत डोळे नाहीत. परत काढायचे होते, पण लग्नसराईचं निमित्त करून आज-उद्या करत राहिलो. खरं म्हणजे आता मान आवळून बसा, हे त्यांना सांगायला मला तोंड नव्हतं.

आठवड्याभरात एका सकाळी आबा उठलेच नाहीत. फ्लेक्सवाल्याचा फोन आला तेव्हा अंगणात त्यांना आंघोळ घालत होते. आई भिंतीला टेकून बसली होती.

"तू काढलेला लाव," ती म्हणाली. "रोज सांगत हुते, पोरानं लई झ्याक काढलाय, मी गेल्यावर त्योच लावा."

"त्यो हललाय गं आई. त्यात चेहराच न्हाय."

आईनं अंगणाकडं बघितलं.

"मग आत्ता काढ की," ती म्हणाली. "आता न्हाय हलायची त्यांची मान."