शैलाताईंच्या किल्लीतलं घुंगरू

शैलाताई गेल्या. आमचं लोहचुंबक अजून त्यांच्या अंगणवाडीच्या कपाटात आहे.

आज सकाळी गॅसवर चहा ठेवला आणि तिथंच खाली बसल्या. कोल्हापूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ही ओळ तीनदा टाईप करून पुसली. अजून खरी वाटत नाही.

काल दुपारी तर बोललो आम्ही.

"अभि, सोमवारी पोरांना चुंबकाचा खेळ तू दाखवायचास. मी नुसती बसून बघणार."

"ताई, मी नववीतनं शाळा सोडलेला माणूस. मला न्हाय जमणार."

"पोरं अजून पहिलीत बी न्हाईत. तुझ्यापेक्षा कमीच शिकल्यात की!"

मी हसलो. हो म्हणालो नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. शैलाताई हुपरीत आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या सेविका. आम्ही घरीच चांदीची पैंजणं बनवतो. घासताना पडलेल्या चांदीच्या किसात कानशीचे लोखंडी कण मिसळतात. ते ओढून काढायला आमच्याकडं एक मोठं लोहचुंबक असतं.

ताई तेच मागून न्यायच्या. बटणाएवढी छोटी चुंबकं त्यांनी कधीच आणली नाहीत.

"पोरं तोंडात घालत्यात. हे कुणाच्या तोंडात मावतंय बघू."

चमचा, खडू, पत्र्याचा डबा, खोडरबर. चिकटणार का न्हाय, ते मुलांनी आधी ओरडून सांगायचं. मग लावून बघायचं.

गेल्या महिन्यात चार वर्षांच्या आरोहीनं पाय पुढं केला.

"माझं पैंजण न्हाय चिकटणार. चांदीचं हाय."

ताईंनी लोहचुंबक जवळ नेलं.

टक्क.

चिकटलं.

पोरं किंचाळली. मी दारात उभा होतो. पैंजण आमच्याच घरात बनलेलं.

आरोहीला सोडायला आलेली तिची आजी कडाडली, "चांदी म्हणून काय गळ्यात मारलंसा ओ आमच्या?"

पैंजण चुंबकाला चिकटलं, ही गोष्ट हुपरीत गल्लीच्या टोकापर्यंत पोचली असती तर आमच्या दारात कुणी उभं राहिलं नसतं. का चिकटलं ते मला माहीत होतं. पण मी दारातनं एक पाऊल मागं सरलो.

ताई अजिबात घाबरल्या नाहीत. चुंबक साखळीवरनं सावकाश फिरवलं. काही नाही. घुंगरापाशी आलं की टक्क.

"पोरांनो, साखळीला न्हाय, घुंगरालाच चिकटतंय. का बरं?" मग माझ्याकडं बघून, "अभि, पक्कड आण पळत."

सगळ्यांसमोर एक घुंगरू उघडलं. आतला बारीक लोखंडी छर्रा उडी मारून चुंबकावर बसला. कुणी गिळू नये म्हणून ताईंनी तो लगेच डबीत टाकून झाकण लावलं.

"बघा. वाजतंय ते लोखंड. चमकतीया ती चांदी."

आजी माझ्याकडं वळली. "मग आधी सांगायचं की रं मुडद्या!"

सगळे हसले. शेवटी मीपण.

संध्याकाळी आरोहीच्या पैंजणाला मी नवीन घुंगरू लावून दिलं. उघडलेलं, रिकामं घुंगरू ताईंनी मागून घेतलं आणि अंगणवाडीच्या किल्लीत अडकवलं.

आज दुपारी स्मशानातनं आल्यावर अंगणवाडीच्या मदतनीस मावशींनी तीच किल्ली माझ्या हातात दिली.

"तुमचं लोहचुंबक काढून घे बाबा. मागनं कुणाच्या ध्यानात ऱ्हायचं न्हाय."

आरोही आजीच्या कडेवर होती. तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

"सोमवारी ताई काय चिकटवणार?"

आजीनं तोंडाला पदर लावला.

"सोमवारी मी दाखवणार," माझ्या तोंडातनं निघून गेलं.

कपाट उघडलं नाही. लोहचुंबक तिथंच आहे. किल्ली माझ्याजवळ आहे. मघापासनं हलवून बघतोय. घुंगरू वाजत नाही.

ताई, सोमवारी येतो.

तुम्ही नुसतं बसून बघा.