फ्रीजरच्या तळाशी दोन फेझंट

मंडळी, शिकारीवरून माझ्याशी वाद घातलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. "मी जे पक्षी मारतो ते खातो," हे मी तुम्हाला कितीदा ठणकावून सांगितलंय!

आज मेघनाने, म्हणजे माझ्या बायकोने, बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांतून हापूसच्या दोन पेट्या आणल्या. आमरस ठेवायला जागा हवी म्हणून मी गराजमधला फ्रीजर रिकामा करायला घेतला. तळाशी पिशवीत मी मारलेले दोन फेझंट पक्षी निघाले. पिसांसकट. पिशवीवर माझ्याच अक्षरात तारीख, शिकारीच्या दोन सीझन आधीची.

"रविवारी पिसं काढून साफ करतो म्हणाला होतास ना?" मेघनाने विचारलं.

मी पक्षी फूड वेस्टच्या डब्यात टाकले आणि शेजाऱ्यांना दिसू नयेत म्हणून वर आंब्याची सालं पसरली. शेपटीचं एक लांब पीस बाहेरच राहिलं. तेही आत कोंबलं.

शिकारीचा सीझन संपल्यापासून दर रविवारी मी त्याच फ्रीजरवर बंदूक ठेवून तासभर तिच्या लाकडाला तेल चोळत बसतो. दोन पक्षी साफ करायला अर्धा तास लागतो.

आता काय बोलायचं ते बोला. या वेळी मी वाद घालणार नाही.