डावा ब्रेक, उजवा ब्रेक

लातूरला आमचं ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप होतं. ट्रॅक्टरमागे जोडतात त्या ट्रॉल्या. लग्न होऊन मी कंधारहून आले तेव्हा आईनं सांगितलं होतं, लोखंडाच्या घरात चाललीस, पायात चप्पल घालून हिंडत जा. खरंच होतं ते. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की समोर वेल्डिंगच्या ठिणग्या. मी चहाचे कप घेऊन जायची आणि रिकामे कप परत आणेपर्यंत तिथंच रेंगाळायची. आमच्या ह्यांना ते कळायचं. "थांबलीच हायस तर तो पाना दे," म्हणायचे. असं करत करत मी पान्यांचे आकडे ओळखायला लागले.

भूकंप झाला त्या पहाटे आमच्या भिंतींना नुसत्या भेगा गेल्या. पण किल्लारीकडची गावं झोपेतच गेली. दगडाच्या भिंती, वर मातीची माळवदं, सगळं माणसांवर. उजाडायच्या आत हे ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन तिकडं गेले आणि चार-पाच दिवसांनी परत आले ते उजवा हात गळ्यात बांधून. ढिगारा उपसताना वरचं लाकूड मनगटावर आलं होतं. हाताला प्लास्टर घातलं, तो भरून येणार होता, पण बोलणं गेलं होतं. जेवायला वाढलं की जेवायचे, विचारलं तर हं म्हणायचे. तिकडं काय बघितलं ते ह्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कामावरचे दोघे आपापल्या गावी निघून गेले होते, त्यांचीही घरं पडली होती. वर्कशॉप बंदच होतं.

अशात एक दिवस दारात जीप उभी राहिली. मागे दोन चाकांची निळी पाण्याची टाकी. परदेशातून आलेल्या एका मदत पथकानं ती आणली होती, पत्र्याच्या शेडांत राहणाऱ्या लोकांना पाणी पोचवायला. जीप चालवणारे चाचा नांदेडचे, सगळा जन्म ट्रकवर गेलेला. खाली उतरून त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

"उस्ताद, ही टाकी मला ढकलून राहिली," ते ह्यांना म्हणाले. "वस्तीच्या अलीकडं नाल्याचा उतार हाय ना, तिथं मी ब्रेक दाबतो आणि ही मागून धक्का देते. काल एक म्हातारी थोडक्यात वाचली. खाली बायका घागरी घेऊन उभ्या असतात हो!"

ह्यांनी वाकून चाकाच्या आत बघितलं. आमच्या ट्रॉल्यांना ब्रेक नावाची गोष्टच नसायची, आणि हिला होते विजेचे ब्रेक. जीपच्या ब्रेकवर पाय दिला की तारेतून करंट मागच्या चाकात जायचा, तिथलं चुंबक ड्रमला चिकटायचं आणि ब्रेकचे शू दोन्ही बाजूंना फाकवायचं. आता चुंबकं झिजून गेली होती, एका चाकाची तार जळाली होती. पथकाकडं नवे ब्रेक होते, शू, चुंबक, स्प्रिंगा सगळं एका गोल थाळीवर जोडलेलं. चाचांनी ते खोकंच बरोबर आणलं होतं.

हे आपल्या प्लास्टरकडं बघत राहिले. "एका हातानं न्हाई व्हायचं, चाचा."

"दोन हात माझे हायत की," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं, आणि मग माघार घेता येईना.

चाचा आधी माझ्याकडं, मग ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "अच्छा है. बेटी करंल, तुम्ही बोला."

हे स्टूल घेऊन समोर बसले. टाकी विटांवर टेकवून चाचांनी चाकं उतरवली. मी पदर खोचला आणि ड्रमसमोर फतकल मारली. ड्रमच्या मधोमध असते ती पत्र्याची टोपी काढली, पिन सरळ करून ओढली, नट सोडला, बाहेरचं बेअरिंग हातात आलं. ड्रम मात्र जागचा हलेना. "हिसका देऊ नको. हलवत हलवत घे," हे म्हणाले. भूकंपानंतर त्यांचं एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.

बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली. एकाचे रोलर निळे पडले होते. "तापलंय ते. टाक," हे म्हणाले. त्या मापाचं बेअरिंग चाचांनी बाजारातून शोधून आणलं. मग ग्रीस भरणं. तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहायची, पलीकडून रोलरच्या फटीतून ग्रीस डोकवेपर्यंत. भरल्या वांग्यात मसाला दाबावा तसं. हे काम मला इतकं आवडलं की झालं तरी मी दाबतच होते.

"बास, बास," हे म्हणाले, "जेवायला न्हाई वाढायचं."

जुन्या थाळ्यांचे नट काढले, तारा कापल्या. नव्या थाळ्यांवर डाव्या-उजव्याच्या चिठ्ठ्या होत्या, त्या प्रवासात गळून गेल्या होत्या. हे समोरून बघून सांगत गेले, ही डावी, ती उजवी, आणि मी बसवून नव्या तारा जोडत गेले. ड्रम चढवला. चाक फिरवत फिरवत नट आवळला, मग सैल केला, मग नुसत्या बोटांनी जेवढा बसेल तेवढा बसवून पिन घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या उतारावर रिकामी टाकी नेली. आम्ही दोघं रस्त्याकडेला उभे. चाचा हळू उतारानं आले, ब्रेक दाबला, टाकीनं जीपला तसंच ढकललं. परत वर जायला म्हणून चाचांनी जीप मागं घेतली, ब्रेकवर पाय दिला, आणि टाकीची दोन्ही चाकं खाडकन जाम झाली.

चाचा खिडकीतून ओरडले, "उस्ताद! उलटी रुकती, सीधी न्हाई रुकती!"

ह्यांनी चाकांकडं बघितलं. मग त्यांच्या खांद्याला हिसका बसला. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"अहो, हसता काय? काय झालं?"

"अगं, मी तुझ्यासमोर तोंड करून बसलो होतो," ते म्हणाले. "माझं डावं ते तुझं उजवं! दोन्ही ब्रेक उलटे बसलेत आपले. चाक एका बाजूला फिरतानाच धरतात ते, आता मागं जाताना धरतायत."

मग मलाही हसू आवरेना. रस्त्यानं चाललेला एक सायकलवाला थांबून बघायला लागला. आजूबाजूला एवढं सुतक, आणि आम्ही नवरा-बायको हमरस्त्यावर हसून राहिलो होतो. लाज वाटली, पण बरंही वाटलं.

घरी येऊन सगळं पुन्हा उघडलं. ह्या वेळी हे स्टूल सोडून माझ्या शेजारी जमिनीवर बसले आणि डाव्या हातानं थाळी धरून राहिले. संध्याकाळी त्याच उतारावर चाचांनी ब्रेक दाबला तशी टाकी जीपच्या मागं मुकाट थांबली. चाचा उतरले आणि त्यांनी टाकीवर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.

पहिल्या भरल्या खेपेला मीही गेले. नाल्याच्या उतारावर मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा आम्ही खाली पोचलो होतो आणि बायका घागरी घेऊन पुढं येत होत्या. माझ्या वयाची एक बाई माझ्या काळ्या नखांकडं बघत म्हणाली, "तुमचं कोण गेलं?" त्या दिवसांत ओळख अशीच निघायची. मी म्हणाले, कुणी न्हाई. आणि मला तिच्याकडं बघवेना. तिनं आपली दुसरी घागर माझ्या हातात दिली. मी ती नळाखाली धरून उभी राहिले. मग तिच्याबरोबर शेडपर्यंत नेऊन ठेवली. आत एका कोपऱ्यात चूल, दोन पातेली, बाकी काही नव्हतं.

पुढं ह्यांचा हात बरा झाला, पण बेअरिंगं माझ्याकडंच राहिली. कितीही धुतले तरी हातांचा ग्रीसचा वास जायचा नाही. गिऱ्हाईक आधी बिचकायचं, मग नंतर नंतर विचारायचं, "वहिनी हायत का?" टाकी पथकानं एका गावाला देऊन टाकली. तिथं ती लग्नाकार्यात ट्रॅक्टरमागं फिरायची असं चाचांनीच एकदा सांगितलं.

मग लातूर बदललं. आमच्या रस्त्यावर क्लासेसच्या पाट्या लागल्या. भोकर, नांदेडकडची पोरं ट्रंका घेऊन एसटीतून उतरायची. आमच्या ट्रॉल्यांतून धान्याच्या पोत्यांऐवजी होस्टेलांचे लोखंडी पलंग जायला लागले. शेवटी शेजारच्यांनी हात जोडून सांगितलं, पोरांचा अभ्यास होत न्हाई तुमच्या हातोड्यानं. त्यांचं चूक नव्हतं. ह्यांनी वर्कशॉप अभ्यासिकेला दिलं आणि आम्ही लेकीकडं नांदेडला आलो.

इथं घर छान आहे, शांत आहे. दुपारी हे पेपर तोंडावर घेऊन झोपतात. मी भाजी निवडत बसते आणि कधी कधी हात नाकाशी नेऊन बघते. मेथीचाच वास येतो.