साडूंनी कापडाला दिलेली रजा

माणूस भेटला की त्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या बनियनकडे बघणारा इसम मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. ते रोह्याला राहतात. एकवीस वर्षे होजिअरीच्या कारखान्यात गोल मशीनवर होते. गोल मशीन म्हणजे एका चक्रावर उभ्या दोन हजारांवर सुया, त्या फिरत फिरत टाके घालतात आणि खाली कापडाची अखंड नळी उतरत जाते. हे त्यांनी मला आजवर अकरा वेळा समजावले आहे. मला मोजायची सवय आहे, म्हणून आकडा सांगतो.

एसटीने माझ्याबरोबर पेणला आमच्या घरी येताना एकदा त्यांनी पुढच्या सीटवरच्या अनोळखी गृहस्थाची कॉलर सरळ उलटी करून पाहिली. गृहस्थ वळले. साडू शांतपणे म्हणाले, "कॉलरची रिब वीण झकास हाय, पण धागा हलका घातलाय तुमच्या कंपनीनं." भांडण होईल असे मला वाटले होते, पण नागोठणे येईपर्यंत ते गृहस्थ आपल्या बायकोच्या स्वेटरबद्दल सल्ला विचारत होते. आमच्याकडे मुक्कामाला असले की मच्छरदाणीत पडून जाळी तपासतात. ह्या जाळीत प्रत्येक सुईला आपला वेगळा धागा असतो, म्हणून एक तुटला तरी सगळी उसवत नाही, असे सकाळी सांगतात. मात्र जाळी उजेडात बघायला पडदा वर केलेला असतो, त्यामुळे डासही आतच असतात.

मागच्या हिवाळ्यात माझ्या बायकोने, मंदाने, मागच्या खोलीत तीन शिलाई मशिनी टाकल्या. शेजारच्या दोघी जोडीला. पहिलीच मोठी ऑर्डर मिळाली ती मुलींच्या शाळेच्या क्रीडादिनाच्या साठ टी-शर्टांची. सोमवारी सकाळी माल हवा, नाहीतर पुढच्या वर्षी दुकानातून तयार घेऊ, असे क्रीडाशिक्षकांनी स्पष्ट बजावले होते. मंदाने ही ऑर्डर मिळवायला शाळेच्या सात खेपा घातल्या होत्या. कापडाचा रोल गुरुवारी सकाळी आला आणि त्याच्या मागोमाग साडू आले. मंदाने कात्री उचलली तसा त्यांनी रोलवर पंजा ठेवला.

"हात लावू नको गो. मशीनवरनं ताणून गुंडाळलेलं कापड हाय. आज कापलंस तर पहिल्या धुण्यात पोरींच्या बेंबीवर येईल."

"भाऊजी, कापड झोपा काढील आणि ऑर्डर जाईल दुसऱ्याकडे."

"एक दिवस उघडं पडू दे. त्यालाबी रजा लागते."

मी कागदावर हिशेब मांडला. एका टी-शर्टाला पन्नास मिनिटे, म्हणजे साठांना पन्नास तास. तिघी रोज पाच तास बसणार. चार दिवसांत साठ तास होतात, तीन दिवसांत पंचेचाळीस. रजा दिली तर पाच तास कमी पडतात. मी हे वाचून दाखवले तेव्हा दोघेही माझ्यावरच उखडले.

शेवटी मंदाने कडेचा एक टी-शर्ट हट्टाने कापला, शिवला, धुतला आणि वाळवला. चोवीस इंच लांबी होती. मी टेप लावून तीनदा मोजली, साडेबावीस भरली. मंदाने कात्री खणात टाकली. मग घरभर कापड पसरले. पलंग, दिवाण, जेवणाचे टेबल, काही जागा सुटली नाही. त्या दिवशी आम्ही ओट्याशी उभ्याने जेवलो. साडू मात्र आजाऱ्याच्या खोलीत वावरावे तसे हलक्या पावलांनी फिरत होते, आणि पंखा लावलेला पाहून मला दटावत होते.

शुक्रवारी कापड बेतले, तेही त्यांच्या सांगण्यावरून अर्धा इंच वाढवून. राहिले ते कमी पडणारे पाच तास. ते भरून काढायला साडू स्वतः मशीनवर बसले आणि पहिलीच बाही त्यांनी गळ्याला जोडली. कापड विणण्यात जन्म गेला, पण शिवणे हे दुसऱ्या खात्याचे काम, असे ते म्हणाले. मंदाने त्यांना दोरे कापायला आणि घड्या घालायला बसवले. त्याने प्रत्येक टी-शर्टामागे बायकांची दहा मिनिटे वाचली, म्हणजे एकूण दहा तास. साडूंचे स्वतःचे मात्र दुप्पट गेले, कारण प्रत्येक टी-शर्ट उजेडाला धरून निसटलेला टाका शोधल्याशिवाय ते घडी घालीत नव्हते. रविवारी चार वाजता साठावी घडी पडली.

सोमवारी मैदानावर सगळे कोण पहिली येते ते बघत होते. साडू खांदे बघत होते. खांदे छान बसले होते. क्रीडाशिक्षक मंदाला म्हणाले, पुढच्या वर्षी नव्वद धरून चला.

संध्याकाळी घरी मंदाने त्यांच्यापुढे शर्टाचे कापड ठेवले. त्यांनी ते बाजूला सारले आणि हजेरीची वही मागितली. शेजारणींची हजेरी मांडायला मंदाने एक शाळेची वही केली होती.

"माझं नाव लाव. तीन दिवस."

मंदा हसली. ते हसले नाहीत. कारखाना बंद पडून नऊ वर्षे झाली होती, आणि तेव्हापासून त्यांचे नाव कुठल्याच वहीत नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. तिने नाव लिहिले. त्यांनी पुढे सही केली, अगदी पूर्ण, आडनावासकट. मग शेजारणींना ज्या दराने मिळाले त्याच दराने, तीन दिवसांचे नऊशे रुपये मंदाने त्यांच्या हातावर ठेवले.