चढणीवर मुलीच्या हाती

पौषातल्या थंडीत सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, चढणारी ती वाट म्हणजे नुसते दगड होते, तेही दवाने ओले. चढणीच्या तोंडाशी मुलीने पिकअप थांबवली, उतरून चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. टायर नरम असला की दगडाला धरून राहतो. मी तिच्या शेजारी बसून पायाखालचा पत्रा दाबत होतो.

“बाबा, तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये.”

“माझ्याकडे दे गाडी. तू नंतर घे.”

“नंतर म्हणजे सपाटीवर ना?” ती हसली.

खरेच होते. सपाट रस्त्यावर मी तिला गाडी देत आलो आणि घाट लागला की काढून घेत आलो. त्याला मी काळजी म्हणायचो. होती ती माझी भीती.

मध्यावर मागचे चाक घसरले. दरी माझ्या बाजूला होती. स्टिअरिंगकडे निघालेला हात मी मोठ्या कष्टाने मांडीखाली दाबून धरला. तिने घाई केली नाही. गाडी हातभर मागे येऊ दिली, चाके जराशी वळवली आणि हलकेच वर घेतली. मुलांना बळ द्यावे असे आपण म्हणतो. पुष्कळदा आपला हात मागे घेतला तरी पुरत असावे.

सड्यावर वाळल्या गवतावर कोवळे ऊन होते. आधी पोचलेल्या एका जीपवाल्याने विचारले, “काका, कुणी चढवली?”

“माझ्या मुलीने.”

त्याला ऐकू आले होते. तरी मी पुन्हा एकदा सांगितले.