एका कोयत्याची एकच घागर

माझी धाकटी बहीण विमल लई हट्टी. लहानपणी धारूरच्या बाजारात चपलेसाठी रस्त्यातच बसली, ती काय उठंना. पुढं केजला शिकली, शहरात डॉक्टरकीच्या कॉलेजात नोकरीला लागली, पण खोड गेली न्हाई. तिचं काम असं: डॉक्टर लोक औषधाचे प्रयोग करतात, मासिकात छापतात, आन् ही बया तो प्रयोग खरा का पोकळ ते तपासती. "दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार का ग?" मी चिडवायचे. "हां आक्का," ती म्हणायची, "फुकट तर तू काढतीसच."

त्या दुष्काळात आमी सहकारी कारखान्याचा ऊस तोडत होतो. ऊन असं, की माणसं भोवळ येऊन फडातच आडवी व्हायची. लघवीला आग. कारखान्यानं पाण्यात कालवायच्या पुड्या वाटल्या, त्यानं जरा बरं वाटायचं. मग डॉक्टरांनी प्रयोग केला. दर माणसाची चिठ्ठी टाकली. कुणाला औषधाची पुडी, कुणाला नुसत्या चवीची. दिसायला दोन्ही सारख्या. शेवटी मासिकात छापून आलं: फरक काहीच न्हाई, पुडी निकामी. कारखाना म्हणला, बंद करा.

मी फोनवर रडलेच. विमलनं इचारलं, "आक्का, पुड्या कशात कालवत होतात?"

"कशात म्हंजे? घागरीत! टँकर आला तर आला. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आन् कोयत्याला घागर एकच. दोघांच्या पुड्या तिच्यातच."

तिनं घागरीचं लिहून घेतलं. मग म्हणली, "म्हंजे ज्याला औषध द्यायचं न्हवतं, त्याच्याबी पोटात गेलं. मग फरक दिसंल कसा?"

तिच्या वरचे आप्पाराव डॉक्टर. त्यांनी त्या प्रयोगाला अव्वल शेरा दिला होता, विमलची सही तेवढी पाहिजे होती. "चिठ्ठ्या नियमानं टाकल्यात," ते म्हणले. "तुमची बहीण तिथं आहे म्हणून अडताय."

"हो सर. बहीण तिथं आहे म्हणूनच मला घागर दिसली."

सही केली न्हाई. नोकरी कराराची, करार वाढणार न्हाई, असं त्यांनी सुनावलं. "नका वाढवू," म्हणली, आन् मासिकालाच पत्र धाडलं. बहीण तिथं ऊस तोडती, हेबी लपवलं न्हाई.

"शाबास ग माझी वाघीण!" मी म्हणलं. "आता लिही, पुडी गुणाची हाय."

"ते न्हाई लिहिणार."

"कावून?"

"मला ठावं न्हाई म्हणून. तुझ्यासाठी खोटं लिहिलं, तर उद्या कुणासाठीबी लिहीन."

असा राग आला! सख्ख्या बहिणीसाठी एक ओळ लिहवंना हिला. फोन आपटला मी.

पत्र छापून आलं. कारखान्याला प्रयोग पुन्हा करावा लागला, आन् औंदा चिठ्ठी माणसाची न्हाई, कोयत्याची; एका घागरीत एकाच जातीची पुडी. आमची पुडी मला पहिल्यापासनं फिकी वाटली. शेजारच्या पाचटाच्या कोपीतली पारूबाई मात्र ठणठणीत. एका दुपारी माझ्या डोळ्यापुढं अंधारी आली, बांधावर बसले. पारूबाईनं तांब्या पुढं केला. "घे ग, आमची पुडी गुणाची दिसती. कोण बघतंय?"

जीभ टाळूला चिकटलेली. विमलचा रागबी अजून पोटात होताच. तरी तांब्या बाजूला सारला.

"नुसतं पाणी असंल तर दे," म्हणलं. "माझी बहीण ह्या घागरीपायी नोकरी घालवून बसलीय. मी न्हाई तिला खोटी पाडणार."